वर्गातून नाव कमी

मारित्साने नेमेसियोच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"किती दिवस झाले या सुजेला?"

"कशाला गं पोरी? काल माशाच्या रश्शात मीठ जास्त पडलं," नेमेसियो म्हणाला. तीस वर्षं चिलीतल्या लोताच्या समुद्राखालचा कोळसा खणून छातीचं खोकं करून घेतलेला माणूस, पण खोटं अजून धड बोलता येत नव्हतं त्याला.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी आठ म्हातारे खाणकामगार जमत. सायकल मारायची, चालायचं, श्वास कसा सोडायचा ते व्यायामोपचार शिकवणाऱ्या मारित्साकडून शिकायचं. आज नेमेसियो चालताना तिसऱ्याच मिनिटाला भिंत धरून थांबला. बोटावरचं यंत्र तर प्राणवायू ठीक दाखवत होतं. दोष फुप्फुसांचा नसावा, म्हणून तिने त्याचे पायमोजे उतरवले होते.

"हे हृदयाचं दुखणं आहे, काका. अंगात पाणी साठतंय. धाप लागू नये म्हणून झोपताना उशा किती लागतात?"

"तीन."

"तीन! आणि मला दर खेपेला 'झकास आहे' म्हणून सांगता? इथेच मेला असतात, माझ्या डोळ्यांदेखत!"

"ओरडू नकोस!" आता नेमेसियोही भडकला. "आपल्याच वर्गातल्या रोसेंदोने खरं सांगितलं होतं. छातीत दुखतं म्हणाला, तर तू त्याचं नाव कमी केलंस. गोळ्यांनी बरा झाला, तरी परत घेतलं नाहीस. हृदयवाल्यांना वर्गात प्रवेश नाही, हा कागद कोणी लावला भिंतीवर? सही कोणाची आहे? घरी खुर्चीत बसून बसून चार महिन्यांत गेला तो. आम्ही खांदा दिला, तू नाही."

मारित्साने भिंतीवरच्या त्या कागदाकडे पाहिलं. वर्गात कोणी कोसळलं तर आपल्यावर बालंट नको, एवढ्याचसाठी लिहिला होता तिने तो नियम. आता तिला स्वतःचीच चीड आली. तिने उठून तो कागद टराटरा फाडला.

"डॉक्टरांकडे मी स्वतः येते तुमच्याबरोबर, आत्ताच. सूज उतरली की इथेच यायचं. यापुढे नाव कोणाचंच कमी होणार नाही." मग ती बाकीच्यांकडे वळली. "खरं सांगा, आणखी कोणाचे पाय सुजतात?"

अबेलार्दो सायकलवरून उतरला, बाकावर बसला आणि बुटाची नाडी सोडू लागला. मग त्याच्या शेजारचा वाकला. मग आणखी तिघं.