अडकलेल्यांचा फोन

भूगर्भशास्त्राची पदवी घेऊन ती लिफ्टच्या कंपनीत मुलाखतीला निघाली, तेव्हा मोठ्या भावाने तिला दारातच गाठलं.

"काय दगडूबाई, जमिनीखालून थेट गच्चीवर?"

तिला हसू आलं, आईला आलं नाही. तिची कॉलर सारखी करत आई म्हणाली, "शिकलेलं वाया जात नाही म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. जा आता, उशीर होईल."

काम साधं होतं. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांचे फोन घ्यायचे आणि मेकॅनिक पोचेपर्यंत त्यांना धीर द्यायचा. खाणवाल्या कंपन्या तिच्या अर्जांची दखलही घेत नव्हत्या, आणि वाट पाहून तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

ऑफिस म्हणजे एक चिंचोळी खोली. दोन टेबलं, दोन हेडफोन, आणि एका टेबलाशी एक वयस्कर ऑपरेटर बाई. मॅनेजरने चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "दगडांचा अभ्यास केलात. इथे काय करणार?"

तिने आरशासमोर घोकलेलं उत्तर सुरू केलं. चिकाटी, संयम, निरीक्षण. मध्येच तिचं तिलाच कंटाळवाणं वाटलं.

"खरं सांगू का? मला नोकरी हवी आहे, आणि दगडांकडे सध्या जागा नाही."

मॅनेजर खळखळून हसला. "हे बरं. आधीचा उमेदवार म्हणाला, त्याला लहानपणापासून लिफ्टची ओढ आहे!"

तेवढ्यात दिवे गेले. शहराचा तो सगळा भागच अंधारात गेला असावा, कारण पाठोपाठ फोन वाजायला लागले. ऑपरेटर बाई एका रडणाऱ्या मुलीची समजूत घालत होत्या. मॅनेजर मोबाइलवरून मेकॅनिक शोधत होता. दुसरा फोन वाजतच राहिला, तेव्हा बाईंनी मानेनेच तिला खूण केली. तिने हेडफोन चढवला.

एक म्हातारा आवाज होता. "इथे काही दिसत नाही हो. मला हॉस्पिटलला जायचंय. बायकोचं ऑपरेशन झालंय."

"खाली बसा काका. श्वास नीट घेता येतोय ना? मेकॅनिक निघालाय."

मॅनेजरने हाताने खुणावलं, बोलत राहा. काय बोलणार? तिला जे येत होतं ते ती बोलू लागली. "काका, फरशीला हात लावा. गार लागते? ग्रॅनाइट असेल. तो जमिनीखाली खूप खोल, लाखो वर्षं सावकाश निवत जातो..."

"पोरी," काका म्हणाले, "तुझं सगळं खरं असेल. पण मी आधीच कोंडलोय, आणखी जमिनीखाली नको नेऊस."

तिने जीभ चावली. "मग काय बोलू?"

"काही नको. फोन तेवढा ठेवू नकोस."

ती गप्प बसली. मॅनेजर हातवारे करत होता, तिने मान हलवून नाही म्हटलं. कानात फक्त श्वास ऐकू येत होता, आधी धापा टाकल्यासारखा, मग हळूहळू संथ. मधूनच काका विचारायचे, "आहेस ना?" ती म्हणायची, "आहे." मग ते आपणहूनच बोलू लागले. बायको सकाळी शुद्धीवर आली होती, आणि डोळे उघडताच तिने विचारलं होतं, दार नीट लावलं का म्हणून. तिने त्यांना बोलू दिलं.

शेवटी काहीतरी खडखडलं, कुणीतरी "या काका" म्हणालं आणि फोन बंद झाला.

"आमच्याकडे अडकलेल्या माणसाला असं शांत बसू देत नाहीत," मॅनेजर म्हणाला.

ऑपरेटर बाईंनी हेडफोन उतरवला. "साहेब, तुम्ही कधी अडकलायत?"

मॅनेजरने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मग तिला म्हणाला, "सोमवारपासून या."

"खाणीतून बोलावणं आलं तर मी जाईन हं."

"जा की. पण आधी सांगून जा."

रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की फोनवर असताना आपलं शिक्षण फुकट गेलं की कामी आलं, हा विचार तिच्या मनाला शिवलाच नव्हता. किती दिवसांनी! घरी येऊन तिने खाणीच्या एका कंपनीसाठी अर्धवट लिहिलेला अर्ज पुरा करून पाठवला. मग सोमवारचा गजर लावला.