हिरव्या दिव्यातला गंधार

सौदीतल्या जुबैलच्या त्या फ्लॅटमधलं डायनिंग टेबल जेवायला घेतलं होतं, हे आता एकट्या नूपुरच्याच लक्षात राहिलं होतं. गेले कित्येक महिने त्यावर सत्यजितची स्टील गिटार आडवी पसरलेली असायची. शेजारी लोखंडी कांडी, बोटांत घालायच्या नख्या, तारांची पाकिटं आणि सूर मोजणारा तो मीटर. घरातली माणसं सोफ्यावर बसून ताटं मांडीवर घेऊन जेवत होती. एकदा नूपुरनं रागानं आमटीचं पातेलं मुद्दाम गिटारच्या शेजारी आणून ठेवलं. सत्यजितनं ते ओट्यावर परत नेलं आणि वर तिलाच समजावलं, की वाफेनं तारा खराब होतात.

खरं तर ती गिटार घरात आली तीच तिच्यामुळे. एक अमेरिकन इंजिनियर कायमचा मायदेशी निघाला होता आणि निघताना सगळेच करतात तसं त्यानंही घरातलं सामान विकायला काढलं होतं. नूपुरनं सत्यजितला तिथे धाडलं ते ओव्हनसाठी. हा बहाद्दर ओव्हन तिथेच ठेवून गिटार घेऊन आला. मांडीवर आडवी ठेवायची, तारा दाबायच्या नाहीत, नुसती कांडी वरून सरकवायची, की सूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर अलगद घसरत जातो. पहिल्याच संध्याकाळी सत्यजित त्या घसरण्यावर लुब्ध झाला.

आता एवढ्यावर थांबला असता तर नूपुरची काही तक्रार नव्हती. भारतात या गिटारवर हिंदी सिनेमाची गाणी वाजवणारे पुष्कळ असतात, तसाच आणखी एक. पण सत्यजितला सिनेमाची गाणी नको होती. त्याला हवाई बेटांवरची जुनी, अस्सल गाणीच हवी होती. आणि ती गाणी नाठाळ. निरोपाचं गाणं एका पद्धतीनं लावलेल्या तारांवरच खुलतं, खाडीवरच्या चांदण्याचं दुसऱ्या, आणि नारळाच्या बागेतलं तिसऱ्याच. म्हणजे एक गाणं संपलं की साऱ्या खुंट्या पिळायला घ्यायच्या. गाणं तीन मिनिटांचं आणि पिळापिळी त्याच्या पाचपट. शेजारच्या फ्लॅटमधली तबस्सुम, मूळची श्रीवर्धनकडची, एकदा जिन्यात भेटली तेव्हा तिनं अगदी मनापासून विचारलं, "काय गो नूपुर, काल तुमच्याकडे गाणं झालं, का नुसतं सुतारकामच?"

पिळापिळीचंही एक वेळ चाललं असतं. नूपुरचं डोकं फिरायचं ते तो मीटर पाहून.

सत्यजित पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर होता. प्रेशर आणि तापमान दाखवणारी यंत्रं खरं बोलतात की नाही, हे तपासण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. माणसं चुकतात आणि आकडा चुकत नाही, हा त्याचा धर्मच. तेव्हा तारा लावायच्या त्याही मीटर चिकटवून. काटा मधोमध आला, हिरवा दिवा लागला, की तार लागली. मग तो सगळ्या तारांवरून एकदा नखी फिरवायचा आणि समाधानानं नूपुरकडे बघून विचारायचा, कसं वाटतंय?

तिला भयंकर वाटायचं. नाशिकला परकरात होती तेव्हापासून लग्न होईपर्यंत ती गाणं शिकली होती. तानपुऱ्याच्या जवारीतून आपोआप उमटणारा गंधार तिनं इतकी वर्षं ऐकला होता, की तो तिच्या कानात घरच्या माणसासारखा राहायला होता. मीटरवर लावलेला गंधार त्या जागेच्या जरासा वर चढलेला असायचा. एकटा वाजला तर कळायचं नाही. पण बाकीच्या तारांबरोबर वाजला की दातांखाली खडा यावा तसं तिला व्हायचं. आणि स्टील गिटारवर सूर लवकर विरत नाही, त्यामुळे खडाही चांगला वेळ घेऊन चावला जायचा.

"ती पहिली तार थोडी उतरव. गंधार चढलाय," ती म्हणायची.

तो मीटर तिच्यासमोर धरायचा. हिरवा दिवा. मुलगी ईशा मोबाइलमधून मान वर काढून न्याय द्यायची, "आई, इट लिटरली सेज झीरो." आणि सत्यजित हसून म्हणायचा, कानावर प्लांट चालवला असता तर आज जुबैल जाग्यावर नसतं.

विचारायचं आणि ऐकायचं नाही, याला काय म्हणावं? तो मुळात विचारत नसता तर नूपुरला इतकं लागलं नसतं. या देशात ती आली तेव्हा रोज सकाळी मोबाइलवर तानपुरा लावून बसायची. सत्यजितची तेव्हा रात्रपाळी असायची. बंद कर असं तो कधीच म्हणाला नाही, फक्त कूस बदलून उशी कानावर घ्यायचा. थकून आलेल्या माणसाच्या कानावरची ती उशी पाहून तिनंच आवाज कमी केला, मग आणखी कमी केला, मग बसणंच सोडलं. त्याबद्दल तिनं कोणालाच बोल लावला नव्हता. पण तिच्याकडे गाण्यातलं जे एकच उरलं होतं, तो कान, त्यालाही या घरात एका प्लास्टिकच्या डबीइतकी किंमत नसावी, हे मात्र तिला सहन होत नव्हतं. या माणसानं एकदा, फक्त एकदाच, मीटर बाजूला ठेवून आपलं ऐकावं, एवढंच तिला हवं होतं.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी दुपारी मराठी मंडळींचा स्नेहमेळावा होता, एका निवासी कंपाउंडच्या हॉलमध्ये. सत्यजितनं तीन गाण्यांसाठी नाव दिलं. सूत्रसंचालन तबस्सुमच्या नवऱ्याकडे, सिराजुद्दीनभाईंकडे होतं. त्यांनी फार सभ्यपणे सुचवून पाहिलं, की एखादं जुनं हिंदी गाणं घेतलंत तर पब्लिकला मजा येईल. सत्यजितनं त्यांना तीन प्रकारे तारा लावण्यामागचं शास्त्र ऐकवलं. सिराजुद्दीनभाईंनी हात टेकले.

पहिल्या गाण्यासाठी गिटार घरूनच लावून न्यायची होती. सत्यजित शर्टाला इस्त्री करायला आत गेला आणि नूपुर टेबलापाशी आली. तिनं तारा छेडल्या. खडा होताच. तिनं बारीक पहिली तार आणि तिचाच खालच्या सप्तकातला सूर असलेली पाचवी तार, दोन्ही केसाएवढ्या उतरवल्या. परत छेडल्या. सगळे सूर एकमेकांत विरघळले. चोरी करताना माणसाला वाटत असेल तसं तिला वाटलं आणि त्याचाही राग आला. स्वतःच्या घरात एक सूर सुधारायला चोरी कशाला करावी लागते?

हॉलमध्ये निरोपाचं गाणं सुरू झालं आणि बटाटेवड्याच्या रांगेतली बोलणी हळूहळू थांबली. एका शब्दाचाही अर्थ कोणाला ठाऊक नव्हता, शब्द नव्हतेच, तरी प्रत्येकाला आपापलं कुणी तरी आठवलं असावं. तबस्सुमनं ओढणीनं डोळे टिपले. टाळ्या मनापासूनच्या होत्या. सत्यजितचा चेहरा उजळला. त्यानं माइक ओढून घेतला आणि या सगळ्याचं श्रेय अचूक ट्यूनिंगला आहे असं सांगून मीटर उंच धरून दाखवला. नूपुरनं हातातला वडा बशीत ठेवून दिला.

पुढं जे व्हायचं तेच झालं. दुसऱ्या गाण्यासाठी त्यानं स्टेजवर बसून साऱ्या खुंट्या पिळल्या, एकेक हिरवा दिवा येईपर्यंत. लोक खोकले, मुलं पळायला लागली. मग चांदण्याचं गाणं सुरू झालं, आणि काय बिघडलंय हे कोणालाच सांगता आलं नसतं, पण लोक पुन्हा आपापसात बोलू लागले. गाणं संपेपर्यंत इकाम्याच्या, म्हणजे इथं राहायच्या परवान्याच्या, नव्या फीवर चर्चा रंगली होती. तिसऱ्या गाण्याच्या आधीच सिराजुद्दीनभाईंनी घड्याळ दाखवून लहान मुलांचा नाच पुकारला.

शनिवारी सकाळी सत्यजितनं ईशाच्या मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावलं. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं, मग इयरफोन घालून ऐकलं. प्लांटमध्ये बिघाड झाला की याचा चेहरा असाच होत असणार, असं नूपुरला भाजी निवडताना वाटलं. शेवटी तो म्हणाला, की पहिलं गाणं वेगळं लागलंय, ते का हे कळत नाही.

"मी तारा उतरवल्या होत्या," नूपुर म्हणाली. "पहिली आणि पाचवी. तू इस्त्री करत होतास तेव्हा."

तो आधी चिडलाच. कारखान्यात परमिटशिवाय कोणी यंत्राला हात लावला तर चिडतो, तसा. सांगितलं का नाहीस, असंही त्यानं विचारलं. यावर नूपुर इतका वेळ नुसती बघत राहिली, की त्यानं तो प्रश्न स्वतःच मागे घेतला. मग म्हणाला, परत करून दाखव.

तिनं गिटार त्या पहिल्या गाण्यासारखी लावून घेतली आणि दोन्ही तारा कानानं उतरवल्या. त्यानं मीटर लावला. शून्याच्या खाली चौदा. त्यानं खुंट्या मुद्दाम बिघडवल्या आणि पुन्हा करायला लावलं. चौदा. त्यानं तिला पाठमोरी बसवून, स्वतः खुंटी फिरवत, बरोबर वाटलं की थांब म्हणायला सांगितलं. पुन्हा चौदा. तो हरखून गेला. कमाल आहे नूपुर, म्हणाला, इतका अचूक तर आमचा गेजही नसतो. आणि नूपुर, जिला त्याच्या डोक्यात तो मीटर घालावासा वाटत होता, ती वेड्यासारखी लाजली. कित्येक वर्षांत तिच्या गाण्याबद्दल त्या घरात कोणी इतकं बोललं नव्हतं.

मग सत्यजित उठला. कपाटातून पांढरी चिकटपट्टी आणली, तिच्यावर सुबक अक्षरांत "तार १ आणि ५, उणे १४" असं लिहिलं आणि मीटरच्या कपाळावर चिकटवलं.

"झालं," तो म्हणाला. "आता तुला दर वेळी त्रास द्यायला नको."

नूपुर स्वयंपाकघरात गेली. एवढी वर्षं जो कान कोणी विचारला नाही, तो एका सकाळी मोजून, पट्टीवर उतरवून, डबीला चिकटवून मोकळा झाला हा माणूस. आणि वर हे सगळं प्रेमानं केलेलं. याच्याशी भांडायचं तरी कुठून सुरू करायचं? तिनं पोळ्या लाटायला घेतल्या आणि पहिलीच पोळी करपवली.

बाहेर त्यानं चांदण्याच्या गाण्याच्या तारा लावल्या. पट्टीबरहुकूम. नखी फिरवली, आणि जे काही वाजलं त्यानं नूपुरचे खांदे कानापर्यंत गेले. त्यानं परत लावल्या. परत तेच. तार बदलली. तेच. नूपुर जागची हलली नाही. घरात इंजिनियर आहे ना, त्याला बघू दे.

बऱ्याच वेळानं तो दारात येऊन उभा राहिला. हातात मीटर नव्हता.

"आकडा बरोबर आहे, तरी वाईट वाजतंय," तो म्हणाला. "काल वाजलं त्याहून वाईट. का?"

"त्या गाण्यात त्या दोन तारा गंधाराच्या होत्या. या गाण्यात पहिली पंचम आहे आणि पाचवी तर सा आहे. तू सा उतरवून बसलायस."

"पण पहिली तार तर तीच आहे. दोन्ही गाण्यांत तिचा सूर बदलत नाही."

"तार तीच आहे. सा बदलला."

त्यानं वळून टेबलाकडे पाहिलं. नूपुरला वाटलं, आता हा प्रत्येक गाण्यासाठी एकेक पट्टी तयार करणार. कागद आणायला वळणार. तिनं लाटणं घट्ट धरलं.

"मला हा सा ऐकूच येत नाही," सत्यजित म्हणाला. असं काही कबूल करायची त्याला सवय नव्हती, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. "तू लावून देशील? नाही, लावून नको देऊस. मला ऐकव. गाऊन."

तिनं हात धुतले. टेबलापाशी येऊन बसली, पण एसीच्या घरघरीत काहीच ऐकू येईना, म्हणून तिनं एसी बंद करायला सांगितलं. बाहेर बेचाळीस डिग्री होतं. त्यानं लगेच बंद केला. घर एकदम इतकं शांत झालं, की ईशा आतल्या खोलीतून काय झालं ते बघायला आली आणि दारातच थांबली.

नूपुरनं डोळे मिटले आणि सा लावला.

तो लागला नाही. सुरुवातीला खाली राहिला, मग तिनं रेटल्यावर थरथरला आणि शेवटी फाटला. कान शाबूत होता, म्हणून तर तिला प्रत्येक चूक स्वच्छ ऐकू आली. तिला वाटत आलं होतं, की गाणं आत कुठं तरी घडी घालून ठेवलंय, कुणी विचारलं की काढून द्यायचं. कुणी विचारलं होतं, आणि द्यायला काही नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सत्यजितला दिसलं याचा तिला आणखी संताप आला.

"लागला की," सत्यजित हलकेच म्हणाला. त्याचा हात खुंटीवर होता.

"नाही लागला," ती म्हणाली. "उगाच बरं वाटावं म्हणून बोलू नकोस. खुंटीला हात लावू नकोस अजून. थांब."

तो थांबला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळून शर्टात उतरत होता, तो पुसायलाही त्यानं हात हलवला नाही. नूपुरनं श्वास घेतला आणि पुन्हा सा लावला. पुन्हा खालीच राहिला, पण मघापेक्षा थोडा कमी.

"नाही," ती म्हणाली. "परत."