मध्ये बोलायचं नाही

पुस्तकभिशीत कुणी बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हा नियम जयप्रकाशकाकांमुळे झाला होता. फार पूर्वी एक बाई रहस्यकथा वाचून आल्या होत्या. त्या रंगात येऊन सांगत असतानाच काकांनी खुनी कोण ते बोलून टाकलं. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. त्यांच्या यजमानांची नागपूरला बदली झाली होती हे खरं, पण खापर काकांवरच फुटलं. तेव्हापासून बोलणाऱ्याचं संपेपर्यंत सगळे गप्प बसत. कुणी पात्रांची नावं चुकवो की पाल्हाळ लावो, ऐकून घ्यायचं. कोलकात्यात मराठी पुस्तक वाचणारं माणूस आधीच दुर्मीळ, त्याला दुखवून कसं चालेल?

आभाला हा नियम आईकडून ठाऊक होता. तिची आई, श्यामलाबाई, कितीतरी वर्षं या भिशीत होती. दर महिन्याला एकाच्या घरी जमायचं, वाचलेलं पुस्तक कसं वाटलं ते सांगायचं आणि पुस्तक पुढच्याच्या हातात द्यायचं. थंडीत आई गेली. मग विजयाकाकूंनी आभाला फोन केला. "श्यामलाची खुर्ची रिकामी बघवत नाही गं. नुसती येऊन बस."

आभा गेली. आज ती दुसऱ्यांदा जात होती, आणि घाबरलेली होती.

आईला शेवटची काही वर्षं विस्मरणाचा आजार होता. आभाला ती स्वतःची धाकटी बहीण मंगला समजायची, आणि मंगलाच्या नावाने रागवायचीसुद्धा. ते सगळं आभाने निभावलं होतं. पण आई गेल्यावर तिचं स्वतःचं काहीतरी बिनसलं. एकदा हातात किसणी धरून ती उभी राहिली आणि त्या वस्तूला काय म्हणतात तेच आठवेना. एकदा ऑफिसातून येताना भलत्याच स्टेशनवर उतरली आणि जिन्याच्या तोंडाशी, आपलं घर कुठल्या बाजूला हे न कळून, गर्दीला अडवत थांबून राहिली. लहानपणापासून वाचत आलेली ती. आता पान संपेपर्यंत वरचा मजकूर पुसला जाई. दुःखात असं होतं, असं ती स्वतःला सांगे. आईच्या बाबतीतही सुरुवातीला तिने असंच काहीतरी म्हटलं होतं. तेव्हा वडील नुकतेच गेले होते.

रात्रंदिवस तिला छळायची ती वेगळीच गोष्ट. आईचं विसरणं आभाच्या लक्षात आलं होतं. आभाचं कुणाच्या लक्षात येणार? घरात दुसरं कुणी नव्हतं.

म्हणून तिने आईच्या कपाटातली एक कादंबरी काढली आणि नेटाने पुरी केली. काही पानं परत परत वाचली. आज ती चार माणसांसमोर आरंभापासून अखेरपर्यंत सांगायची होती. जमलं, तर ही भीती खोटी.

विजयाकाकूंच्या सॉल्ट लेकमधल्या घरी दुपारी तिच्याखेरीज फक्त तिघंच जमली होती. बाकीचे गावाला गेले होते. काकूंनी उपमा केला होता आणि कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानातले संदेश आणले होते. जयप्रकाशकाका बेहालाहून दोन बस बदलून आले होते आणि त्याबद्दल सगळ्यांना ऐकवत होते. सानिका सेक्टर फाइव्हमधल्या एका आयटी कंपनीत नोकरीला. जन्म इथलाच, त्यामुळे तिचं मराठी अधूनमधून घसरायचं, पण भिशी चुकवायची नाही.

"मी अर्धंच वाचलं, सॉरी," सानिकाने सुरुवात केली. "मला बोअर झाला. पन्नास पानं झाली तरी त्या पुस्तकात कुणी जेवतच नाही. सगळे नुसते चहा पितात आणि खिडकीतून बघतात."

काकूंनी हसू दाबलं. काकांची जीभ वळवळत होती, पण नियम. त्यांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "माझं ऐतिहासिक होतं. लढाया झकास. घोड्यांनासुद्धा नावं आहेत, राणीला मात्र नाही. झालं माझं. आभा, बोल गं तू."

आभाने मांडीवरचं पुस्तक दोन्ही हातांनी धरलं.

"दोन जावा आहेत," ती म्हणाली. "सांगलीत खानावळ चालवतात. एका चुलीवर स्वयंपाक, पण एकमेकींशी बोलत नाहीत. वर्षानुवर्षं. काही सांगायचं झालं तर जेवायला बसलेल्या गिऱ्हाइकाला सांगतात. 'यांना म्हणावं, मीठ संपलंय.' ते गिऱ्हाईक तोंडातला घास गिळतं आणि निरोप देतं."

हे तिला नीट आठवलं म्हणून तिला बरं वाटलं, आणि तिने वर पाहिलं.

काकूंनी पदर सारखा केला, मग पुन्हा सारखा केला. सानिकाने फोन पालथा ठेवला होता आणि ती नको इतक्या लक्षपूर्वक ऐकत होती. जयप्रकाशकाका, ज्यांना कधी स्वस्थ बसवत नसे, ते पंख्याकडे बघत होते. तिघांच्याही चेहऱ्यावर एक मऊ, सांभाळून घेणारं हसू होतं.

ते हसू आभाला ओळखीचं होतं. आईकडे बघताना तिच्याच चेहऱ्यावर असायचं ते.

हे मी यांना आधी सांगितलंय. मागच्या वेळी सांगितलं असणार. मागची भिशी तिने आठवून पाहिली. काकांचं घर आठवलं, जिन्यातला अंधार आठवला, मटारच्या करंज्या आठवल्या. आपण काय बोललो, ते मात्र आठवेना. तिथे नुसतं कोरं होतं.

"मी हे आधी सांगितलंय का?" तिने विचारलं.

खाली रस्त्यावर ऑटोवाला हॉर्न वाजवत राहिला.

"काकू, मी विचारतेय."

"तू आधी पूर्ण कर ना बाळा," विजयाकाकू म्हणाल्या. "मग बोलू."

"नाही. आत्ता सांगा. सांगितलंय का?"

"अगं, मागच्या वेळी तू बोलली नव्हतीसच!" काकांनी अखेर तोंड उघडलं. "कोपऱ्यात बसून होतीस. करंज्यासुद्धा नीट खाल्ल्या नाहीस."

"मग तुम्ही असे का बघताय?"

काकूंनी जयप्रकाशकाकांकडे पाहिलं. काका परत पंख्याकडे वळले. शेवटी काकूच म्हणाल्या, "तू नाही गं. श्यामलाने सांगितलं होतं. हेच पुस्तक."

आभाने पुस्तकावरची पकड सैल केली. मी नाही. आई. ती हसलीसुद्धा. "एवढंच ना? मग बोलायचं की."

"कितीतरी वेळा," सानिका हळूच म्हणाली.

"सानिका," काकू दटावत म्हणाल्या.

"खरं आहे ते, काकू. दर भिशीला आजी हेच पुस्तक आणायच्या आणि परत घेऊन जायच्या. प्रत्येक वेळी म्हणायच्या, नवीन वाचलंय. आणि लास्टला तर..." तिने आभाकडे पाहिलं आणि थांबली.

"लास्टला काय?"

"'आमच्या खानावळीत' म्हणायच्या. जशी काय त्यांचीच होती."

आभा काकूंकडे वळली. "केव्हाची गोष्ट?"

तिने नेमका काळ विचारला, आणि काकूंनी सांगितला. डॉक्टरांकडे आईला पहिल्यांदा नेलं त्याच्या वर्षभर आधीपासून. त्या वर्षात आई एकटी बाजारात जात होती, गॅसवर दूध ठेवून पूजेला बसत होती, आणि आभा म्हणत होती, वय झालं आता तिचं.

"वर्षभर तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"मी फोन करणार होते तुला," काकू म्हणाल्या. "कितीदा मनात आलं. पण काय सांगणार? तुझी आई तेच तेच बोलते? इतकं छान सांगायची गं ती. वाटायचं, इथे तरी बिचारीला..."

"कुणी तोंडावर बोललं असतं तर ती यायचीच थांबली असती," काका पुटपुटले. "एकदा माझ्यामुळे एक बाई गेल्यात, आभा. पुन्हा नको वाटलं."

आभाला राग यायला हवा होता. आलाही असेल, पण त्याच्या खालची भीती इतकी मोठी होती की तो जाणवला नाही. म्हणजे मीही अशीच सांगत राहीन. ही माणसं असंच मऊ हसतील, संदेश पुढे करतील, आणि मला कधीही कळणार नाही.

तिने पुस्तक उचललं आणि काकूंच्या मांडीवर ठेवलं.

"हे तुम्ही धरा. मी पहिल्यापासून सांगते. चुकले की मला थांबवायचं. तिथल्या तिथे."

"काहीतरीच काय," काकू म्हणाल्या. "परीक्षा आहे का ही?"

"हो."

"आभा, तू दमली आहेस नुसती..."

"असेन. पण मला सांगणारं दुसरं कुणी नाही, काकू. घरी भिंती आहेत. तुम्ही थांबवणार नसाल तर मी इथे येऊन काय करू?"

मग सानिका खुर्ची पुढे ओढत म्हणाली, "ठीक आहे, आभामावशी. मी थांबवेन."

आभाने सुरुवात केली. दोन जावा, सांगली.

"मिरज!" काका ओरडले. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं.

आभा थांबली. काकूंनी चष्मा लावून पान उघडलं. "सांगलीच आहे, जयप्रकाश. पहिल्याच ओळीत."

"मिरज आणि सांगलीत अंतर ते किती," काका म्हणाले, आणि सगळी हसली. आभाही. तिचा श्वास जरा मोकळा झाला. ती पुढे निघाली. चूल, निरोप, पोळ्यांवरून झालेली धुसफूस, थोरलीचं आजारपण. एकेक गोष्ट जागेवर होती. हात लावला की सापडत होती. तिला वाटलं, जमतंय.

"मग तो पावसाळा," ती म्हणाली. "गिऱ्हाइकं कमी होतात. आणि एका सकाळी थोरली उठते, चूल सारवते आणि दाराला कुलूप लावते. मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती तिथे. थोरली इतकी शांतपणे..."

"मावशी," सानिका म्हणाली. "कुलूप धाकटी लावते."

"थोरली."

"आजी धाकटी म्हणायच्या. प्रत्येक वेळी."

काकू पानं चाळू लागल्या. त्यांना ती जागा लवकर सापडेना. आभा त्यांच्या बोटाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांपुढे थोरलीच होती. तिचा हात, किल्ली, सारवलेल्या चुलीचा ओला रंग. सगळं लख्ख दिसत होतं.

काकूंचं बोट थांबलं. त्यांनी वर पाहिलं नाही.

"धाकटी," त्या म्हणाल्या. मग घाईघाईने, "अगं, एवढं मोठं पुस्तक, कुणाचंही..."

"नको, काकू," आभा म्हणाली.

पंखा फिरत होता. तिघंही आता तिच्याकडे बघत होती. ते हसू कुणाच्याच चेहऱ्यावर राहिलं नव्हतं. सानिका तर तिच्या ओठांकडे बघत होती. पुढचा शब्द निघायच्या आधीच पकडायला बसल्यासारखी.

आभाने ओढणीला तळहात पुसले.

"धाकटी कुलूप लावते," ती म्हणाली, आणि एकेक शब्द चाचपत पुढे सांगू लागली.