उट्या लागल्या

कृष्णकांतांनी चौतीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलं, आणि माझ्या मते ते अजून त्यातून उतरलेले नाहीत. इंजिनात म्हणे ड्रायव्हर सिग्नल बघून मोठ्यानं म्हणतो आणि शेजारचा सहायक स्वतः बघून तेच परत म्हणतो. दोघांनी बघितलं, दोघांनी म्हटलं, म्हणजे ते खरं. निवृत्तीनंतर सहायक कुठून आणणार? ते पद माझ्या गळ्यात पडलं. बँकेत जन्म काढलेली बाई मी, मला कुणी अर्ज करायला सांगितला नव्हता.

हौसेला मोल नसतं. ह्यांनी अंबत्तूरच्या एका वर्कशॉपात ट्रेलर बांधून घेतला. म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची चाकांवरची खोली. आत दोन बाकं, एक शेगडी, एक पंखा. बाकावर झोपायचं, सकाळी कुशी शेकत उठायचं आणि ह्याला सहल म्हणायचं. ह्या वेळी एकोणीस दिवस झाले होते. तंजावर, कारैकुडी, रामेश्वरम. माझी हाडं खिळखिळी झाली होती आणि केसांतली वाळू तीन वेळा धुऊनही जात नव्हती.

त्यातून माझ्याकडे आणखी एक काम होतं, ते ह्यांना ठाऊक नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

जानेवारीत हे टी. नगरमध्ये उलट्या दिशेच्या रस्त्यात शिरले. मार्चमध्ये गॅस चालू ठेवून फिरायला गेले. डॉक्टर म्हणाले, वय आहे, लक्ष ठेवा. अमोघ, आमचा मुलगा, मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाला, "आई, ही सहल शेवटची परीक्षा समज. रोज मला मेसेज कर. बाबांची एक जरी मोठी चूक झाली तर गाडीची किल्ली माझ्याकडे आणि ट्रेलर विकायचा. तू खरं सांगशील म्हणून तुझ्यावर सोपवतोय."

अठरा दिवस मी रोज लिहीत होते, "आज ठीक." खरं सांगते, तेराव्या दिवसापासून मी एखाद्या चुकीची वाट बघत होते. मला माझा पलंग हवा होता. ह्यांची चूक व्हावी, कुणाला लागू नये आणि आपण घरी जावं, एवढंच माझं मागणं होतं. नवऱ्याच्या चुकीसाठी देवाला हात जोडणारी बायको मीच पहिली असेन.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी अकराला आम्ही घरापासून तासाभरावरच्या कोवलमला पोचलो. सत्यनारायणरावांच्या आवारात ट्रेलर ठेवायची आमची सोय आहे. ते तंजावरकडचे जुने मराठी लोक, पिढ्यान्‌पिढ्या इकडचेच. राव बाहेर गेले होते. त्यांच्या पत्नी अंबुजाबाई, वय वर्षं शहात्तर, उतरत्या आवाराच्या खालच्या टोकाला माडाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून आमचीच वाट बघत होत्या. मागे रस्त्यावर मासळीचा टेम्पो उभा होता आणि त्याचा वास उन्हाबरोबर आत येत होता.

गाडीपासून ट्रेलर सोडवणं हा आमच्याकडे विधी आहे. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नाही. गाडीपासून सुटला की त्याला धरून ठेवतात त्या फक्त उट्या, चाकांना अडकवायचे लाकडाचे तिकोनी ठोकळे. म्हणून उट्या पहिल्या. मग ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा जॅक खाली, मग गाडीला जोडणारं कपलिंग उघडायचं, मग जॅकचा दांडा फिरवून टोक वर उचलायचं. साखळ्या आणि दिव्यांची वायर सगळ्यात शेवटी, म्हणजे मध्ये काही घसरलं तर साखळी धरेल. आणि गाडी आणि ट्रेलरच्या मध्ये उभं राहायचं नाही. ट्रेलर सुटलाच तर धरायला जायचं नाही, बाजूला व्हायचं. हे मी शंभरदा ऐकलेलं आहे. झोपेतही म्हणू शकते.

आणि तेच झालं. मी झोपेतच म्हटलं.

उट्या लावणं माझं काम. त्या दाराजवळच्या पेटीत असतात. मी गाडीतून उतरून ट्रेलरच्या बाजूला चाकापाशी गेले, तर अंबुजाबाईंनी हाक मारली, "ये गे विद्युलता! किती वाळलीस! रामेश्वरात दर्शन बेस झालं का?" मी म्हटलं, झालं. एक हात ट्रेलरला टेकवला आणि डोळे मिटले. फक्त क्षणभर, असं मला वाटलं.

पुढून ह्यांचा आवाज आला. "हँडब्रेक ओढला."

"ओढला," मी म्हटलं.

"उट्या?"

"लागल्या."

"उट्या लागल्या," ते म्हणाले.

माझं तोंड बोललं. मी नव्हते तिथे. एकोणीस दिवसांत अकरा वेळा मी ते म्हटलं होतं, बारावं आपोआप बाहेर पडलं.

पुढचं सगळं त्यांनी नेमानं केलं. जॅक, कपलिंग, साखळ्या, वायर. जॅकचं लहान चाक वाळूत रुतलं होतं, म्हणून ट्रेलर गुमान उभा राहिला. गाडी त्यांनी पुढे नेऊन लावली. अंबुजाबाई गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या, "अय्यो, कापी घालतें," म्हणाल्या आणि कॉफी करायला घराकडे वळल्या. हे परत आले आणि ट्रेलर सपाट करायला त्यांनी जॅकचा दांडा दोन वेढे फिरवला. लहान चाक वाळूतून सुटलं.

ट्रेलर मागे निघाला. मोठा आवाज झाला नाही, घाईही नव्हती. तो नुसता चालू लागला, माझ्या खांद्याला घासून. आणि ज्या माणसानं मला शंभरदा बजावलं होतं तोच माणूस दोन्ही हातांनी पुढचं टोक धरून, टाचा वाळूत रोवून त्याच्यामागे फरफटत निघाला.

"सोडा! अहो, सोडा!" मी किंचाळले.

त्यांनी सोडलं आणि ते गुडघ्यांवर पडले. ट्रेलर पंधरा-वीस फूट जाऊन माडावर आदळला. मध्ये अंबुजाबाईंची खुर्ची होती. तिचे पाय चार दिशांना पसरले होते.

अंबुजाबाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी खुर्चीकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे बघितलं. "परवाइल्लै," म्हणाल्या, म्हणजे काही हरकत नाही. काळ आला होता, वेळ आली नव्हती. मी त्यांना धरून आत नेऊन बसवलं, पाणी दिलं.

बाहेर आले तेव्हा हे गाडीच्या सावलीत जमिनीवर बसले होते. तळहात सोलले होते. त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्यासमोर धरली.

"अमोघला कळव," ते म्हणाले. "तू रोज लिहितेस ते मला माहीत आहे. मी काही बोललो नाही. त्याचंही बरोबर आहे."

मी किल्ली घेतली.

"म्हातारीचा जीव गेला असता. मी उट्या विचारल्याच नाहीत."

मी कबूल करणार होते, ती थांबले. मी फक्त म्हटलं, "विचारल्या नाहीत?"

"मला वाटतंय की मी विचारलं. तू लागल्या म्हणालीस, असंही कानात आहे. पण तू बघितल्याशिवाय म्हणणार नाहीस. म्हणजे मीच विचारलं नसणार. डोक्यात आपलं आपण काहीतरी तयार होतंय. आता ह्याच्यापुढे माझा माझ्यावर भरवसा नाही."

किल्ली माझ्या हातात होती. फोन दुसऱ्या हातात. मला फक्त गप्प बसायचं होतं, खोटंही बोलावं लागणार नव्हतं. संध्याकाळी घरी, माझ्या पलंगावर, पंख्याखाली. तेराव्या दिवसापासून जे मागितलं ते देवानं माझ्या हातावर आणून ठेवलं होतं. मला माझीच किळस आली.

"तुम्ही विचारलं होतं," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली.

"तुम्ही विचारलं आणि मी लागल्या म्हटलं. न बघता. मी डोळे मिटून उभी होते. उट्या पेटीतच आहेत."

मला वाटलं, आता चिडतील. चिडायला हवं होतं. पण ते म्हणाले, "म्हणजे मी विचारलं होतं."

"हो."

"जॅकच्या आधी?"

"हो. हँडब्रेकनंतर लगेच."

"म्हणजे विचारलं होतं," ते पुन्हा म्हणाले, आणि सोललेला हात तोंडावर दाबून रडायला लागले. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली. सासूबाई गेल्या तेव्हा बघितलं होतं तसं रडताना, त्यानंतर आजच. मी शेजारी वाळूत बसले. मला रडू येत नव्हतं, इतकी मी थकले होते.

मग मी अमोघला लिहिलं, "आज मोठी चूक झाली. माझी. बाबांची नाही. घरी आल्यावर सगळं सांगते." त्याचा लगेच फोन आला. मी उचलला नाही.

अंबुजाबाईंनी त्यातही कापी केली होती. ती पिऊन, त्यांची शंभरदा माफी मागून आम्ही उठलो. ट्रेलर माडापाशी तसा ठेवता येणार नव्हता. ह्यांनी गाडी मागे आणली, जोडला, ओढून मूळ जागी आणला. मागचा पत्रा चेपला होता, तेवढंच. आता पुन्हा सोडवायचा. एका दिवसात दोनदा. माझ्या नशिबात ही सहल संपायचीच नव्हती.

"हँडब्रेक ओढला."

"ओढला."

"उट्या?"

उत्तर जिभेवर तयार होतं. मी ते गिळलं. पेटी उघडली, दोन्ही उट्या काढल्या, दुखऱ्या गुडघ्यांवर कशीबशी खाली बसले. उताराच्या बाजूनं एक ह्या चाकाला, एक त्या चाकाला, चपलेच्या टाचेनं ठोकून घट्ट केल्या. हात लावून हलवून बघितल्या. पुढे ते थांबून होते. पुन्हा विचारत नव्हते.

"लागल्या," मी म्हटलं.

मला वाटलं, आज तरी ते येऊन बघतील. मी जागेवरून हलले नाही, त्यांना दिसाव्यात म्हणून बाजूला सरकूनही बसले.

"उट्या लागल्या," ते पुढूनच म्हणाले, आणि जॅकचा दांडा फिरायला लागला.