फळ्याने दिलेली खोटी साक्ष

मित्रांनो, मी एक जुना वार्ताफलक आहे. गावात मला नुसता 'फळा' म्हणतात. सरकारी कागदात मात्र माझे नाव 'दर्शनी ठिकाण' असे आहे. हे दुसरे नाव मला उतारवयात मिळाले. ते कसे मिळाले, एवढेच मला तुम्हाला सांगायचे आहे. आपले वृत्त सांगणाऱ्या जुन्या वस्तू शेवटी सर्वांना क्षमा करून मोकळ्या होतात, असा माझा वाचनातला अनुभव आहे. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

नवी मुंबईत खाडीच्या काठाला आमची तांडेलवाडी आहे. गाव जुने, भोवतालच्या इमारती नव्या. त्या इतक्या उंच झाल्या की गावात ऊन आता नऊ वाजता उतरते. गावाच्या टोकाला, भरतीचे पाणी जिथे थांबते तिथे, एक उघडी जमीन आहे. तिला गाव 'खळे' म्हणते. पुरुष तिथे जाळी पसरत, बाया जवळा वाळत घालत. जवळा म्हणजे बोटाच्या पेराएवढीही नसलेली कोळंबी. दोन दिवस कडक ऊन मिळाले तर ती वर्षभर टिकते, आणि न मिळाले तर संध्याकाळपर्यंत कुजते. या खळ्याची गोष्ट म्हणजेच माझी गोष्ट.

जन्माने मी फळा नाही, होडी आहे. नामा नावाच्या कोळ्याची होडी एका भरतीत पुलाच्या खांबावर आपटली आणि मधोमध फुटली. त्याची बायको यशोदाबाई म्हणाली, "चुलीत घाला तिला. पावसाल्याचं सरपन होईल." नामा म्हणाला, "चुलीत नाय. जिनं पोटाला घातलं तिला चुलीत कशी घालू?" त्याच सुमारास किसन नावाचा कारकून गावात भाड्याने राहायला आला होता. मूळचा परभणीकडचा, नव्या शहरात नोकरीला आलेला. त्याचे अक्षर इतके रेखीव होते की वाचता न येणारी माणसेसुद्धा ते बघत उभी राहत. किसनने सुचवले की होडीच्या फळ्यांचा वार्ताफलक करावा. घरोघरी वर्तमानपत्र येत नाही. एक घ्यावे, आणि गावाला लागते तेवढे रोज नाक्यावर लिहावे. भैरू सुताराने माझ्या पाठीचा बाक रंध्याने काढला, मला काळा रंग दिला आणि वर पत्र्याचे छप्पर ठोकले. अशा रीतीने मी पाण्यातून वर्तमानात आलो.

माझ्याभोवती एक रीत तयार झाली. रोज सकाळी यशोदाबाई बादली आणि ओले फडके घेऊन यायची आणि मला तीनदा पुसायची. रात्रीतून कुणी क्लासची, मूळव्याधीच्या औषधाची जाहिरात चिकटवलेली असली तर ती खरवडून काढायची. मग किसन खडूने लिहायचा: पाणी किती वाजता, रास्त भाव दुकानात काय आले, पोलिओचा डोस कुठे, कोण वारले. शेवटी, उजव्या कोपऱ्यात, लिहिणाऱ्याचे नाव. याविषयी तो फार कडक होता.

"खडूनं लिव्हलं तेवढंच आपलं," तो सांगायचा. "चिकटवलेला कागद आपला न्हाई. त्याच्याखाली कुनाचं नाव नसतंय."

गावाने हे वाक्य कायद्यासारखे मानले. खडूची बातमी वाचायची, चिकटवलेला कागद वाचायचाच नाही. या शहाणपणाचा मला फार अभिमान होता. पुढे त्याचाच उपयोग करण्यात आला, म्हणून ते तुमच्या लक्षात राहू द्या.

माझ्या हातूनही चुका झाल्या. एकदा कुणाच्या तरी ऐकीव निरोपावरून किसनने 'भैरू सुतार यांचे दुःखद निधन' असे लिहिले. नऊच्या सुमारास भैरू स्वतः दाढी करून माझ्यासमोर उभा राहिला. सगळी बातमी शांतपणे वाचली आणि विचारले, "किसनभाऊ, माजी मयत किती वाजता हाय? मना पन यायचं हाय." नाका हसून लोटपोट झाला. किसन हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने सर्वांत वर, सर्वांत मोठ्या अक्षरात लिहिले: 'भैरू सुतार सुखरूप आहेत. चूक आमची.' खाली नाव. त्यानंतर मी कितीतरी दैनिके माझ्या अंगावर उतरलेली पाहिली; ते दोन शब्द मात्र पुन्हा क्वचितच वाचायला मिळाले.

माझे वैभवाचे दिवसही सांगतो. एका वर्षी खळ्यातून रस्ता काढायचे ठरले. हरकती घ्यायला तीस दिवस होते. किसनने शेवटची तारीख रोज लिहिली, आणि रोज थोडी मोठी लिहिली. अखेरच्या आठवड्यात माझ्या अंगावर तारखेशिवाय दुसरे काही मावतच नव्हते. तीनशे बारा हरकती गेल्या. रस्ता खळ्यापाशी येऊन वळला. आजही तो तिथे वळतो, आणि आजचे रिक्षावाले त्या वळणाला नावे ठेवतात. इतिहास न वाचणाऱ्यांना वळणे निरर्थकच वाटतात.

मग नामा वारला. ती बातमी मी त्याच्याच होडीच्या लाकडावर वाहिली. पुढे वयोमानाने किसनचा हात कापू लागला आणि त्याने खडू तेजसकडे दिला. तेजस हा नामाचा पुतण्या. तरुण, हुशार, बोलका. किसनने त्याला दोन महिने समोर बसवून अक्षर घोटवून घेतले. 'स'चा शेवट खाली लांब ओढायची किसनची लकब त्याने हुबेहूब उचलली. सहा वर्षे तेजसने मला लिहिले, आणि चांगले लिहिले. हे मी मुद्दाम नमूद करतो. अडाणी माणसाने केलेल्या घाताला घात म्हणता येत नाही.

पुढे तेजस एका माजी नगरसेवकाबरोबर फिरू लागला. त्या काळात निवडणुका कैक वर्षे झाल्या नव्हत्या. त्यामुळे गावात नगरसेवक कुणीच नव्हता. होते ते सगळे माजी होते, आणि प्रत्येक माजी भावीही होता. तेजसने गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला.

"काकी, फळा कोण वाचतो आता?" तो यशोदाबाईला म्हणाला. "सगळं ग्रुपवर टाकतो ना मी. टेन्शन नको घेऊ."

"माज्या फोनात तुजा गुरूप येत नाय."

"नवीन फोन घे मग!"

तिने फोन घेतला नाही. खडू थांबला, तरी तिची बादली थांबली नाही. चार वर्षे ती रोज सकाळी माझे कोरे अंग तीनदा पुसत होती. कुणी हसले तर म्हणायची, "घरच्या मानसाचं तोंड धुवायला कारन लागतं काय?"

आता ती दुपार. तुम्ही लक्ष द्या, कारण सगळे दहा मिनिटांत झाले. चार वाजता गाव घरात होते. कुठल्याशा कार्यालयातला एक कारकून स्कूटरवरून आला. कार्यालयाचे नाव मी सांगत नाही. त्याने मला दिलेले नाव पुरेसे आहे. त्याने माझ्या छातीवर एक टंकलिखित कागद खळीने डकवला. तेजस शेजारी उभा होता; गाव चिकटवलेला कागद वाचत नाही, हे त्याला चांगले ठाऊक होते. कारकुनाने मागे सरून फोटो काढला: मी, कागद, वर पत्र्यावर रंगवलेले 'तांडेलवाडी'. मग पंचनामा झाला: 'नोटीस दर्शनी ठिकाणी लावली.' एखादी गोष्ट डोळ्यांनी पाहिली असे साक्षीदारांनी लिहून देणे, याला पंचनामा म्हणतात. तेजसने सही केली. स्कूटर गेली. लगेच तेजसने टेम्पोतून एक फ्लेक्स उतरवला आणि माझ्यावर, कागदासकट, चारी कोपऱ्यांना तारेने घट्ट बांधला. त्यावर साहेबांचा हसरा चेहरा होता आणि खाली 'माजी व भावी नगरसेवक यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'.

आत अंधारात मी तो कागद वाचला. खळ्याचे आरक्षण बदलण्यात येत आहे. तिथे वाहनतळ व व्यापारी संकुल प्रस्तावित आहे. कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांच्या आत लेखी कळवावी. आयुष्यभर मी गावाला बातम्या सांगितल्या, आणि गावाच्या जिवावरची बातमी आली तेव्हा ती मला पोटाशी धरून गप्प राहावे लागले.

दुसऱ्या सकाळी यशोदाबाई बादली घेऊन आली आणि थबकली.

"तेजा, हा काय लावलास रं फल्यावर?"

"साहेबांचा बर्थडे आहे काकी. महिनाभर राहू दे."

"एका मानसाचा वाढदिस महिनाभर? अरं, गनपती बी दहा दिवसांत जातो!"

"काकी, प्लीज. हात नको लावू, मला बोलणी बसतील."

पुतण्याला बोलणी बसू नयेत म्हणून तिने तारा सोडल्या नाहीत. पण रीत मोडायलाही तिचे मन होईना. मग ती रोज सकाळी साहेबांचा चेहरा तीनदा पुसू लागली. फ्लेक्सच्या पलीकडून तिच्या हाताचा दाब मला कळत होता. मध्ये दोन पातळ पदर होते, एक प्लास्टिकचा आणि एक कागदाचा. असे तीस दिवस गेले. मी रोज एक कमी करत होतो.

मुदत संपली, आणि त्यानंतर बाराव्या दिवशी खळ्यावर पत्रे ठोकायला माणसे आली. वाळत घातलेला जवळा त्यांनी फावड्याने एका कडेला सारला. यशोदाबाई धावत नाक्यावर आली. तिथे तोच कारकून फाइल घेऊन उभा होता. तेजस होता. बातमी ऐकून किसनही काठी टेकत आला होता.

"कुनाला इचारून पत्रे मारताव?" यशोदाबाईने विचारले.

"मावशी, नोटीस लावली होती ना," कारकून सौम्यपणे म्हणाला. "एकही हरकत आली नाही. आम्हाला वाटलं गाव खूश आहे."

"कुठं लावलीव नोटीस? मी रोज हिते असतंय."

त्याने फाइल उघडून फोटो दाखवला. "हा तुमचाच फळा ना?"

तिने फोटो डोळ्यांजवळ धरला. तिला खोटे बोलता येत नव्हते.

"फला आमचाच हाय."

"मग झालं तर!"

मित्रांनो, हीच माझी साक्ष. नामाच्या होडीच्या लाकडाने नामाच्या बायकोविरुद्ध दिलेली. कागदोपत्री ती निर्दोष आहे. फोटो खरा, फळा खरा, कागद खरा. या तीन खऱ्या गोष्टींचे मिळून जे झाले ते धादांत खोटे होते, आणि ते खोडून काढण्याची सोय त्या फाइलीत कुठेच नव्हती.

किसनने पंचनाम्याचा कागद मागून घेतला. सहीवर त्याचे बोट थांबले. 'स'चा शेवट खाली लांब ओढलेला होता.

"अक्षर झ्याक हाय तुजं, तेजस," तो म्हणाला.

तेजसने मान वर केली नाही. "काका, सगळ्यांचं भलं आहे यात. काकीला पहिला गाळा देणार आहेत. मी स्वतः साहेबांशी बोललोय."

"गाल्यात जवला सुकवू काय?" यशोदाबाई ओरडली. "एसी लावून? तुज्या काकानं तुला खांद्यावर बसवून ते खलं दाखवलं रं. त्या वक्ताला मना बोलला, हा पोरगा शिकला का आपलं कागद वाचंल!"

तिने पुढे होऊन फ्लेक्सच्या तारा पिरगळून तोडल्या. साहेब हसत खाली पडले. आत नोटीस होती. दमटपणाने पिवळी पडलेली, पण सगळी वाचता येणारी. सवयीने यशोदाबाईचा हात फडक्याकडे गेला. आयुष्यभर तिने असे कागद खरवडून काढले होते.

"ऱ्हाऊ द्या, बाई," किसन म्हणाला. "ह्यो कागद आता पुसायचा न्हाई."

मग त्याने खिशातून खडू काढला. चार वर्षांनी माझ्या अंगाला खडू लागला. हात कापत होता, म्हणून अक्षर वेडेवाकडे आले. नोटिशीच्या वर त्याने लिहिले: 'ही नोटीस गावाला दिसली नाही. तीस दिवस तिच्यावर फ्लेक्स होता.' कोपऱ्याशी आल्यावर त्याने खडू तेजसपुढे धरला.

"नाव घाल."

तेजस खडूकडे बघत राहिला. मग फोन कानाला लावून तो चालू लागला. फोन वाजलेला नव्हता.

किसनने त्या कोपऱ्यात स्वतःचे नाव घातले, आणि त्याच्यावर दोन शब्द: 'चूक आमची.'

"तुमची कशी?" यशोदाबाईने विचारले.

"खडू म्याच दिला व्हता त्याला."

त्यानंतर दोनशे सत्तर हरकती गेल्या. प्रत्येकीला एकच छापील उत्तर आले: विहित मुदतीनंतर प्राप्त, विचार करता येत नाही. पत्र्यांमागे आता पाया खणत आहेत. यशोदाबाई रस्त्याच्या त्या जुन्या वळणावर, पदपथावर, जवळा वाळत घालते, आणि आठवड्यातून एकदा तो अतिक्रमण म्हणून उचलला जातो. मी नाक्यावरच आहे. रोज सकाळी ती येते आणि नोटीस व किसनच्या ओळी सोडून माझे उरलेले अंग तीनदा पुसते.

अशा वृत्तांताच्या शेवटी वस्तू म्हणते, मला जपा. मी तसे म्हणणार नाही. तांडेलवाडीने मला फार चांगले जपले. जपलेल्या वस्तूवर लोक विश्वास ठेवतात, म्हणूनच माझी निवड झाली. माझी विनंती निराळी आहे. तुमच्या गावात, तुमच्या सोसायटीच्या दारात, असाच कुणी फळा असेल. त्यावर काही बांधलेले दिसले, तर ते उचलून मागे काय आहे ते बघा. मोठ्या माणसांना राग येईल, येऊ द्या. आणि कधी तुमच्या हाती खडू आला, तर लिहून झाल्यावर कोपऱ्यात आपले नाव घाला. माझ्या अंगावर तो कोपरा आता भरलेला आहे. तिथे ज्याचे नाव असायला हवे होते, त्याचे अक्षर फार सुंदर आहे.