मास्तरांचे तीन आठवडे

शेटजींच्या कॉफीत विष कुणी घातलं, हा प्रश्न खटल्याच्या चौथ्या दिवशी मागे पडला. त्या दिवशी शिंपीमास्तर साक्षीला आले आणि बायकांचे बाक सकाळी नवालाच भरले.

शेटजी सोमवारी सकाळी गेले. मंगळवारी अंत्यविधीला त्यांची बायको नवाकोरा काळा पोशाख घालून आली. नणंदेने डोळे पुसता पुसता शिवण पाहून घेतली आणि तशीच पोलिसांत गेली.

“मास्तर, एका पोशाखाला किती दिवस घेता?” सरकारी वकिलांनी गोड आवाजात विचारलं.

“तीन आठवडे. हातचं काम आहे साहेब, घाईत फिटिंग बिघडतं.”

“म्हणजे नवरा धडधाकट असतानाच बाईसाहेबांनी विधवेचं माप दिलं.”

मास्तरांनी समोर पाहिलं. आरोपीच्या पिंजऱ्यात बाईसाहेब, त्यांच्या गळ्याशी फास. बाकांवर चाळीस गिऱ्हाइकं, त्यांत न्यायाधीशांची बायकोही. इकडे आड, तिकडे विहीर.

“माप सोमवारी दुपारी घेतलं,” ते पुटपुटले. “संध्याकाळी पोशाख दिला.”

“आणि तीन आठवडे?”

“वीस दिवस कापड खुंटीलाच असतं, साहेब. लगेच दिलं तर गिऱ्हाइकाला वाटतं, यात काय मोठंसं केलं.”

“मला म्हणाले, मशीन बिघडलं,” मागून एक बाई म्हणाली.

“मला म्हणाले, सासू वारली. दोनदा.”

“अहो, लेकीच्या लग्नात माझ्या बाह्या टाचण्यांवर होत्या.”

“साक्षीदार धादांत खोटं बोलतोय,” सरकारी वकील म्हणाले.

“पुरावा घेऊ,” न्यायाधीश म्हणाले. “आमच्या घरच्या एका जाकिटाचं कापड यांच्या खुंटीला दोन महिने लटकतंय. मशीनसकट इथे आणा.”

साक्षीदाराच्या कठड्याशेजारी मशीन मांडलं. साडेतीन तासांत जाकीट तयार झालं, काजांसकट. न्यायाधीशांच्या बायकोने ते तिथेच घालून पाहिलं, दोनदा वळून पाहिलं आणि नवऱ्याकडे बघून मान डोलावली. बाईसाहेब निर्दोष सुटल्या.

विष कुणी घातलं ते राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी दुकानासमोर रांग लागली. प्रत्येकीला आपला पोशाख संध्याकाळपर्यंत हवा होता, आणि सासू वारल्याचं कुणी ऐकून घेईना. मास्तर रडकुंडीला आले.

रांगेच्या शेवटी बाईसाहेब होत्या, हातात निळं कापड.

“तुम्हाला कधी हवंय?” मास्तरांनी धास्तावून विचारलं.

“घ्या की तीन आठवडे,” बाईसाहेब म्हणाल्या. “पण मास्तर, माप घेतल्याची तारीख वहीत घालून ठेवा बरं का.”