कॅलेंडरच्या कागदातला भोकाचा पैसा

मी एक पैसा आहे आणि माझ्या मधोमध भोक आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. बोलताना मध्ये थांबायची मला सवय नाही.

भोक नंतर पडलेलं नाही, मी तसाच जन्मलो. १९४४ साल होतं, लढाई चालू होती आणि सरकारला तांबं कमी पडत होतं. म्हणून टाकसाळीत आमच्या पोटातला घास काढून घेतला आणि उरलेल्या कड्यावर राजाचा मुकुट छापला. राजाने स्वतःचा चेहरा मात्र दिला नाही. नाकाच्या जागी भोक आलं असतं, एवढं त्यालाही कळत असावं.

माणसांबद्दलचं माझं मत तेव्हापासूनच वाईट आहे. मी बाजारात चालत होतो तोवर माणसं मला मुठीत घट्ट धरायची. त्यातल्याच एका बाईने, भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात, माझ्यातून काळा दोरा ओवला आणि मला पोराच्या कमरेला बांधलं. पोराचं नाव चिंधू. तो धुळीत बसायचा, म्हणून मीही बसायचो. पुढे नवे पैसे निघाले आणि मला बाजारात कोणी विचारेनासं झालं. चिंधू मोठा होऊन भिलाईच्या कारखान्यात लागला, त्याने जुनी सायकल घेतली. तिच्या मागच्या मडगार्डचा नट खडखडत होता. नटाखाली घालायची चकती, वायसर, सापडेना. मग त्याने ट्रंकेतून मला शोधून काढलं आणि नटाखाली पिळून बसवलं.

मुकुटवाल्याला वायसर केलं. तीस-एक वर्षं मी खुर्सीपारच्या घरून कारखान्याच्या गेटवर आणि गेटवरून खुर्सीपारला चिखल खात गेलो. नटाने घासून घासून माझा अर्धा मुकुट नेला. चिंधूला त्याचं काही नव्हतं. मडगार्ड वाजत नव्हतं ना, झालं.

मग एके दिवशी चिंधूचा मुलगा बाबुलाल पाना घेऊन आला. त्याने नट सोडवला, मला शर्टाला पुसलं आणि तळहातावर घेऊन बराच वेळ पायरीवर बसून राहिला. मी मनात म्हटलं, चला, या घराण्यात एक तरी जाणकार निघाला.

जाणकार कसला. बाबुलालने नाणी गोळा करायला सुरुवात केली ती माझ्यापासूनच, हे खरं. पण जमवलेलं नाणं ठेवायचं कसं, याची त्याला काडीची अक्कल नव्हती. तोही कारखान्यातलाच, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमधला माणूस. धातू उघडा ठेवायचा नाही, एवढं एकच शास्त्र त्याला ठाऊक. प्रत्येक नाण्याला तो बोटाने ग्रीस चोपडायचा. तांबं लोखंडासारखं गंजत नाही, हे त्याला सांगणार कोण? मग कॅलेंडरच्या कागदाचा चौकोन कापायचा, त्यावर बॉलपेनने काहीतरी लिहायचं, लिहिलेली बाजू बाहेर ठेवून नाण्याची पुडी करायची आणि जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, जुन्या टिफिनमध्ये टाकायची. माझ्या शेजारी एक चांदीचा रुपया होता. स्वतःला फार मोठा समजणारा. तोही ग्रीसमध्ये माखून बसला, तेवढं एक समाधान.

माझ्या कागदावर काय लिहिलंय, ते मला कधी कळलं नाही. अक्षरं बाहेर आणि मी आत. पण ‘राजाच्या काळचा, दुर्मिळ’ असंच काहीतरी असणार, याबद्दल मला शंका नव्हती.

बाबुलालची बायको शकुबाई भाजी निवडता निवडता म्हणायची, “दुसऱ्याचे नवरे चालणारे पैसे आणतेत. आमचा आणते ते बंद पडलेले.”

“बंद पडले म्हणून तं घरात राह्यले, शकू,” बाबुलाल म्हणायचा. “चालणारे कधी राह्यले काय?”

मागच्या मार्चमध्ये बाबुलाल गेला. पहिल्या पाळीहून आला, हातपाय धुतले, शकुबाईला “वाढ” म्हणाला. ताट येईपर्यंतही थांबला नाही.

मग क्वार्टर खाली करायची वेळ आली. क्वार्टर नोकरीचं असतं, माणूस गेला की तेही जातं. शकुबाई तुमसरला भावाकडे निघाली. मुलगी उन्नती इथल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती, तिला होस्टेलमध्ये ठेवलं. बाबुलालचे कपडे वाटून झाले, सायकल शेजाऱ्याने नेली. उरला टिफिन.

“मामाच्या घरी नाई नेत मी हे,” शकुबाई म्हणाली. “तिथं लेकरं आहेत, गोट्या करतीन याच्या. तू ठेव.”

“होस्टेलमध्ये कुठं ठेवू, आई? एका खोलीत दोघी आहोत आमी. माझा साबण राहत नाई तिथं.”

“ते मले नको सांगू. तुझ्या बापाचं एवढंच राह्यलं. सांभाळ.”

सांभाळ म्हणे. हा शब्द माणसं दुसऱ्याला सांगण्यासाठीच वापरतात.

नूतन मॅडमचं होस्टेल म्हणजे पावर हाउस नावाच्या वस्तीच्या पुढचं एक दुमजली घर, त्यात एकोणीस मुली आणि दोन बाथरूम. जिन्यात गणपतीचा फोटो आणि त्याच्याखाली सूचना: मौल्यवान वस्तूंची जबाबदारी व्यवस्थापनाची नाही. व्यवस्थापन म्हणजे गाऊनवर ओढणी घेतलेल्या नूतन मॅडम. गणपतीवरही त्यांचा फारसा भरवसा नसावा, कारण त्याच्या पुढ्यातल्या समईला त्यांनी साखळी लावली होती.

उन्नतीने टिफिन आधी सुटकेसमध्ये ठेवला. सुटकेसला आकड्यांचं कुलूप होतं. आकडे तिच्या जन्मतारखेचे, आणि वाढदिवसाचा केक सगळ्या मजल्याने खाल्लेला. समोरच्या खोलीतले इयरफोन चोरीला गेले तेव्हा तिने टिफिन सॅनिटरी पॅडच्या मोठ्या पाकिटात लपवला. इथं पुरुष हात घालणार नाही, असा तिचा विचार. त्या घरात पुरुष येतच नव्हते, आणि पाकिटात दर चार दिवसांनी कोणीतरी मुलगी उसनवार घ्यायला हात घालत होती. पावसाळा संपला तेव्हा आम्ही बंद पडलेल्या कूलरच्या पोटात गेलो. तिथे झुरळं होती. लपवण्याची ही हुशारी शिकायला माणसं पंधरा-पंधरा वर्षं शाळेत जातात.

सल्ले देणाऱ्यांची तर रांग. एकीने सांगितलं, बँकेत ठेव. दुसरीने सांगितलं, विकून फोन घे. भूमिका नावाची एक मुलगी अभ्यासू होती. ती म्हणाली, “पहिले त्याची लिस्ट बनव.” आणि स्वतःच्या परीक्षेची तारीख विसरली.

उन्नतीच्या खोलीतली दुसरी मुलगी टीना, राजनांदगावची. घरी मराठी, बाहेर हिंदी आणि फोनवर दोन्ही. दिवसभर बडबड. मला तिचा सगळ्यात जास्त राग यायचा. एकदा उन्नती कूलरमध्ये वाकलेली असताना तिने पाहिलं.

“रोज कूलरमध्ये काय बघून राहिली तू? साप पाळला काय?”

उन्नतीने टिफिन दाखवला. उघडला नाही, नुसता दाखवला. “बाबाचे शिक्के आहेत, जुने पैसे.”

“हाय रे. म्हणजे खजाना आहे, और हम यहाँ मॅगी खा रहे हैं.” मग टीना म्हणाली, “माझ्या कपाटात ठेव. माझ्या लॉकची चाबी मलाच सापडत नाई, चोराला काय सापडणार?”

आणि उन्नतीने ठेवला. अशा प्रकारे बाबुलालची तीस वर्षं एका अशा मुलीच्या कपाटात गेली, जिचे मोजे कधी जोडीने सापडत नव्हते.

दिवाळी आली. बहुतेक मुली घरी गेल्या. उन्नतीला वर्षभर सण नव्हता. शकुबाईनेच कळवलं होतं की भाऊबीज झाली की ये, तोवर मामाकडे सणाचं घर आहे. धनत्रयोदशीला दुपारी उन्नती आईसाठी चादर आणायला पावर हाउसच्या बाजारात गेली. टीनाची गाडी दुसऱ्या दिवशी होती. खाली अंगणात नूतन मॅडम पूजेची भांडी काढून बसल्या होत्या, समई, तांब्या, घंटी, आणि टोपात भिजवलेली चिंच.

टीना तिच्या कधीच कुलूप न लागलेल्या कपाटाशी आली. टिफिन बाहेर निघाला, झाकण निघालं, आणि माझी पुडी पहिल्यांदाच अशा हाताने सोडली ज्याला ग्रीसचा वास माहीत नव्हता.

“छी, कितना गंदा,” ती म्हणाली.

पुढचं सांगायला मला आवडत नाही. आम्हा सगळ्यांना तिने खाली अंगणात नेऊन ओंजळीओंजळीने चिंचेच्या टोपात ओतलं. वर भांडी घासायची पावडर, वर काथ्या. ऐंशी वर्षं हवा, घाम आणि धूळ खाऊन माझ्या अंगावर जो तपकिरी रंग चढला होता, तो कुठल्याही दुकानात मिळत नाही. तो तिने अर्ध्या तासात उतरवला. मी नवजात उंदरासारखा गुलाबी झालो. चांदीचा रुपया तर आरशासारखा झाला. त्याला ते आवडलं, यातच त्याची लायकी कळते.

“वा,” नूतन मॅडम म्हणाल्या, “लक्ष्मीपुढे ठेवायच्या लायकीचे झाले आता.”

उन्नती आली तेव्हा आम्ही पलंगावर, टीनाच्या नव्या ओढणीवर ओळीने मांडलेले होतो. समोर लहानशी पणती, लावायची राहिलेली.

“सरप्राइज,” टीना म्हणाली. “तुझं तं सण नाई यंदा, मला माहीत आहे. पण बाबांच्या पैशांची पूजा करायला काय हरकत आहे? बघ ना, कसे चमकून राहिले.”

उन्नतीने चादरीची पिशवी खाली ठेवली. आमच्याकडे पाहिलंच नाही. टिफिनमध्ये पाहिलं.

“कागद कुठं आहेत?”

“कौनसे कागद?”

“ज्यात बांधले होते.”

“वो तेलवाले? फेकून दिले यार. हाताला चिकटत होते.”

उन्नती तशीच वळली. जिन्यावरून तिची चप्पल वाजत गेली. टीनाचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्यावरचं हसू उतरलं होतं. तिने आम्हाला ओढणीत गोळा केलं आणि ती धावली.

कागद अंगणातल्या बादलीत होते. त्यांच्यावर चिंचेचा चोथा, पावडरीचा फेस आणि घासण्याचं काळं पाणी. कचऱ्याची गाडी सणामुळे उशिरा येणार होती, म्हणून बादली अजून होती. उन्नती उकिडवी बसून एकेक कागद उचलत होती आणि पायरीवर उन्हात ठेवत होती.

कागद भिजले नव्हते. ज्या ग्रीसची मी तीस वर्षं चेष्टा केली, त्यावरून पाणी ओघळून गेलं होतं आणि बाबुलालची अक्षरं जशीच्या तशी होती. ‘भिलाई-३ च्या चहावाल्याने दिलं. म्हणाला, तुम्हीच ठेवा.’ ‘शकू म्हणाली फेका. ठेवलं.’ ‘उन्नती पास झाली त्या दिवशी सापडलं.’ कशातच नाण्याचं नाव नव्हतं. पुडीत नाणं असताना नाव कशाला लिहायचं?

“आता कोणतं कशातलं, ते कसं कळणार?” उन्नती म्हणाली. मार्चपासून ती रडलेली मी ऐकली नव्हती. आताही रडली नाही, पण आवाज तसा निघाला.

टीना शेजारी बसली. एक कागद तिने उचलून उन्हाकडे धरला. “इधर देख. गोल आहे यात.”

प्रत्येक कागदात ग्रीसचा गोल उमटला होता. ज्याचं त्याचं माप. टीनाने एक नाणं ठेवून पाहिलं, मोठं झालं. दुसरं ठेवलं, बरोबर बसलं. मग दोघी गुडघ्यांवर आल्या. नूतन मॅडम आधी म्हणाल्या, “अगं, पूजेची वेळ जाऊन राहिली,” आणि मग चष्मा घेऊन त्याही बसल्या. काही नाणी एकाच मापाची होती, त्यांचे कागद शेवटपर्यंत नक्की झाले नाहीत. ते अंदाजाने बांधले. त्या अंदाजाबद्दल मी काही म्हणणार नाही.

“हा सोपा आहे,” टीना म्हणाली. एका कागदात गोल होता आणि गोलाच्या मधोमध कोरी जागा. मला त्यावर ठेवलं. मी नीट बसलो.

आणि उन्नतीने माझा कागद वाचला. आता राजा, दुर्मिळ, मुकुट, असं काहीतरी येईल म्हणून मी तयार होतो.

‘बाच्या सायकलचा वायसर. बा गेला त्या दिवशी काढला.’

एवढंच होतं. पायरीवर बराच वेळ बसलेला तो जाणकार माझ्याकडे पाहतच नव्हता.

टीनाने हळूच विचारलं, “मग तू आता काय करणार?”

“ग्रीस आणते,” उन्नती म्हणाली. कोपऱ्यावरच्या सायकल दुकानातून ती झाकणभर ग्रीस घेऊन आली आणि बाबुलालसारखंच, एका बोटाने, मला चोपडलं. बांधण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात तिनेही एक ओळ लिहिली. ती मला दिसली नाही. अक्षरं बाहेर आणि मी आत. या वेळी मी काही अंदाज केलेला नाही.

टिफिन परत टीनाच्या कपाटात आहे. चावी अजून सापडत नाही. माझं अंग अजून गुलाबी आहे. तपकिरी व्हायला वीस-पंचवीस वर्षं लागतील, आणि माणसांची घाई मला माहीत आहे. म्हणून एकच सांगतो. तुमच्याकडे कोणाचं काही मळकं, तेलकट, निरुपयोगी उरलं असेल, तर ते तसंच राहू द्या. चिंच आमटीत घाला.